सॉल्ट लेकमधलं वेगळं ताट

(चवदार तळे सत्याग्रहाच्या वर्धापन दिनानिमित्त पुण्यात नोकरदार मित्रमैत्रिणींच्या एका घरगुती बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



आज चवदार तळ्याचा दिवस. आजच्या दिवशी पाण्यावर बोलतात, आणि मी सँडविचवर बोलणार आहे. विषय कळवला तेव्हा आपल्या ग्रुपवर हसणारे चेहरे आले. हरकत नाही. पण एक गोष्ट आधी आठवून देतो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले, पाणी प्याले, त्यांच्यामागून हजारो माणसं प्याली, ही गोष्ट आपण दरवर्षी सांगतो. त्याच दिवशी पुढे काय झालं ते मात्र घाईत सांगतो. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवली गेली आणि लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव परिषदेच्या मांडवावर चालून आला. मांडवात काही प्रतिनिधी जेवत होते. त्यांना मारलं आणि शिजवलेल्या अन्नात माती कालवली. पाणी प्याल्याचा सूड जेवणावर उगवला. म्हणून पाणी आणि जेवण हे दोन विषय नाहीत, एकच आहे.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. कामासाठी मला बाहेर जावं लागतं. कधी हैदराबाद, कधी गुडगाव, आणि मध्यंतरी दोन महिने कोलकात्याचं सॉल्ट लेक. प्रत्येक शहरात पोचलो की मी आधी एकच गोष्ट शोधतो: जवळपास सबवे आहे का? आमची आई लातूरकडची. तिला मी एकदा ते सँडविच खाऊ घातलं. ती म्हणाली, "एवढे पैसे देऊन पावात पाला घालून खातूस व्हय रं?" तिचं बरोबर आहे. चवीचं म्हणाल तर तिच्या हातच्या भाकरीपुढे आणि ठेच्यापुढे हे काहीच नाही. मग मला ते का आवडतं? यावर मी बरीच वर्षं विचार केला नव्हता. सॉल्ट लेकमध्ये करावा लागला.

आधी त्या दुकानाची रीत सांगतो. हे अमेरिकन दुकान भारतात २००१ मध्ये दिल्लीत आलं, आणि आता मोठ्या शहरांत सगळीकडे आहे. आत गेलं की एक लांब काच असते. काचेच्या अलीकडे गिऱ्हाईक, पलीकडे पाव, भाज्या, चिकन, चटण्या. पलीकडचा मुलगा हातमोजे घालून विचारतो: पाव कोणता? अर्धा की पूर्ण? कांदा घालू? मिरची घालू? आपण बोट दाखवायचं. हे घाल, ते नको, अजून थोडं घाल. पैसे देताना नाव कोणी विचारत नाही, बिलावर नंबर असतो.

मित्रांनो, आपल्या आज्यापणज्यांनी वरून टाकलेली भाकर पदरात झेलली. काय टाकायचं, किती टाकायचं, शिळं की ताजं, हे टाकणारा ठरवायचा. माझे वडील सांगायचे, गावच्या चहाच्या हॉटेलात आपल्या कपबश्या बाहेर छपराच्या वळचणीला खोचलेल्या असायच्या. कान तुटलेला कप आपणच काढायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, प्यायचा, विसळायचा आणि पुन्हा तिथेच खोचायचा. पैसे मात्र पूर्ण. त्या माणसाचा मुलगा आज काचेवर बोट ठेवून सांगतो, टोमॅटो नको, काकडी जास्त घाल. ही गंमत नाही. माझ्यासारख्याला त्या दुकानात जे मिळतं ते सँडविच नसतं, ते बोट दाखवण्याचं स्वातंत्र्य असतं. मला ते दुकान आवडतं, आणि ते सांगताना मला लाज वाटत नाही.

आता सॉल्ट लेककडे येतो.

सॉल्ट लेक म्हणजे कोलकात्याच्या पूर्वेची खारी दलदल होती. मासे पाळण्याची मोठमोठी तळी होती, त्यांना तिकडे भेरी म्हणतात. मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांच्या काळात ती दलदल हुगळी नदीतला गाळ आणून भरायचं काम सुरू झालं आणि तोश्कोविच नावाच्या युगोस्लाव्ह नियोजनकाराच्या आराखड्यावर नवं शहर उभं राहिलं. त्याचं सरकारी नाव बिधाननगर. उरलेल्या तळ्यांचा आणि पाणथळीचा साडेबारा हजार हेक्टरचा पट्टा अजून पूर्वेला आहे, २००२ मध्ये त्याला रामसर यादीत जागा मिळाली. म्हणजे ज्या जमिनीवर आज आयटी कंपन्या आहेत, तिथे पूर्वी मासेमारी करणाऱ्यांची रोजीरोटी होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे मासा येणार आहे.

शहर मला आवडलं. तिथे वस्त्यांना नावं नाहीत, अक्षरं आहेत. एए ब्लॉक, बीडी ब्लॉक, सीके ब्लॉक. आपल्याकडे जातीची नावं असलेल्या वाड्या-वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घ्यायला महाराष्ट्र सरकारला २०२० साल उजाडावं लागलं. इथे सगळी अक्षरंच. मला वाटलं, अक्षराला जात नसते, आपण सुटलो.

आणखी एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात दिसली. बंगालमध्ये ब्राह्मण मासा खातो, मटण खातो, आणि लपून नाही, चवीने खातो. आपल्याकडे ताट पाहून जात काढायची सवय. "तू व्हेज की नॉनव्हेज?" हा आपल्या ऑफिसातला प्रश्न बहुतेक वेळा जेवणाबद्दल नसतोच. बंगालमध्ये तो प्रश्न चालत नाही, कारण मासा सगळेच खातात. मला वाटलं, ताटात जात नाही तर कुठेच नसणार. तिथले सहकारीही हेच सांगायचे: आमच्याकडे जातपात नाही, ती तुमच्या महाराष्ट्रात, उत्तरेत.

मग मी आजूबाजूला पाहायला लागलो. २०११ च्या जनगणनेत पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींचं प्रमाण साडेतेवीस टक्के आहे. महाराष्ट्रात ते बारा टक्क्यांच्या आत आहे. आपल्या दुपटीने माणसं, आणि माझ्या मजल्यावर आडनावं कोणती? मुखर्जी, बॅनर्जी, चॅटर्जी, घोष, बोस, सेन. मंडल, विश्वास, हालदार, नस्कर ही आडनावं कुठे दिसली? सुरक्षारक्षकाच्या गणवेशावरच्या पट्टीवर, चहाच्या टपरीवर, गाडी चालवणाऱ्याच्या परवान्यावर. तिकडे जात ताटात नाही, आडनावात आहे. आणि तिची एक सोय अशी, की परक्याला ती वाचता येत नाही.

माझ्या बाबतीत तर हे उलटंही खरं होतं. माझं आडनाव बंगालमध्ये मुकं होतं. पुण्यात ते मी खोलीत शिरायच्या आधी शिरतं. तिथे ते कोणाला काहीच सांगत नव्हतं. पण माझ्याबरोबर पुण्याहून आणखी चार जण आले होते, आणि त्यांना ते चांगलं वाचता येत होतं.

आमची राहण्याची सोय एका गेस्ट हाउसमध्ये होती. आम्ही पाच जण पुण्याचे, आणि कोलकात्याचा एक सहकारी, रात्री उशिरापर्यंत काम चालायचं म्हणून तोही तिथेच राहायचा. तो बंगाली ब्राह्मण. स्वयंपाकाला एक बाई यायच्या. पहाटेची कॅनिंग लोकल पकडून, पुढे बस बदलून. दक्षिण चोवीस परगण्यातून अशा असंख्य बायका रोज शहरात येतात आणि दुसऱ्यांची घरं चालवून रात्री आपल्या घरी जातात.

पहिले दोन दिवस सगळ्यांनी वरण, भात, भाजी खाल्ली. मीही तेच खाल्लं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी रॅकमधून ताट घ्यायला गेलो तर बाई संकोचून मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "साहब बोला, ये प्लेट आपका." खिडकीच्या कठड्यावर एक ताट, एक वाटी, एक पेला वेगळा ठेवलेला. मी साहेबाला, म्हणजे आमच्यातल्या वरिष्ठाला विचारलं. तो अगदी गोड बोलला. "अरे, तुला नॉनव्हेज लागतं ना, म्हणून तुझ्या सोयीसाठी. बाकीच्यांचा जरा प्रॉब्लेम आहे. गैरसमज करून घेऊ नकोस."

आता हिशेब बघा. दोन दिवस मी वरणभात खाल्ला होता. त्या घरात मासा कोण खात होतं? बंगाली सहकारी. तो रोज डब्यात मासा आणायचा आणि रॅकमधल्या ताटात, सगळ्यांच्या ताटात, वाढून घ्यायचा. त्याच्यासाठी वेगळं ताट नव्हतं. मासा खाणारा ब्राह्मण सगळ्यांच्या ताटात, आणि वरणभात खाणारा मी वेगळ्या ताटात. शाकाहाराचं कारण किती पातळ असतं, हे मला त्या कठड्यावर कळलं.

आणि अजून एक हिशेब आहे, तो मला नंतर कळला. त्या स्वयंपाक करणाऱ्या बाई पौंड्र समाजाच्या होत्या. बंगालमध्ये तो समाज अनुसूचित जातीत आहे. कणीक मळणारे हात त्यांचे, भात शिजवणारे हात त्यांचे. पण आमच्या पुण्याच्या मंडळींना बंगाली आडनाव वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या हातचं सगळं चालत होतं. माझं आडनाव वाचता येत होतं, म्हणून माझ्या उष्ट्या ताटाचा विटाळ. जातीला घाण म्हणजे काय हे ठाऊक नसतं. तिला फक्त माहिती लागते.

तुम्ही विचाराल, मी तिथे बाईंची जात का सांगितली नाही? त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली असती. झाली असती. आणि दुसऱ्या दिवशी बाईंची नोकरी गेली असती. माझ्या एका चोख उत्तरासाठी एका बाईच्या घरचा तांदूळ मी पणाला लावू शकत नव्हतो.

मग मी काय केलं? काहीच नाही. मी दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सबवेमध्ये जेवायला लागलो. गेस्ट हाउसवर सांगितलं, "मला सँडविच आवडतं." सगळ्यांना बरं वाटलं. वेगळं ताट कठड्यावर पडून राहिलं आणि मी काचेसमोर रांगेत उभा राहिलो. तीन आठवडे. आवड आणि पळवाट यांत फार अंतर नसतं. माझ्या आवडीच्या दुकानाकडे मी इतकी वर्षं कशासाठी धावत होतो, ते तिथे माझ्या लक्षात आलं.

त्या दिवसांत बाबासाहेबांचं 'व्हिसाच्या प्रतीक्षेत' मी पुन्हा वाचलं. लहानसं पुस्तक आहे, प्रवासात पुरतं. त्यात १९०१ ची गोष्ट आहे. साताऱ्याहून मुलं वडिलांकडे निघाली, मसूर स्टेशनवर उतरली, दुप्पट भाडं देऊन बैलगाडी मिळाली. बरोबर खायला होतं, पण पाणी कोणी दिलं नाही, म्हणून ती लेकरं भरल्या डब्याशेजारी उपाशी झोपली. दुसरी गोष्ट बडोद्याची. ती तर आपलीच आहे, नोकरीसाठीच्या प्रवासाची. परदेशात शिकून आलेला माणूस बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू व्हायला जातो आणि त्याला उतरायला जागा मिळत नाही. शेवटी पारशी सरायीत पारशी नाव लावून राहतो. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिन्यावर येतात. सामान बाहेर निघतं आणि तो माणूस बागेत बसून राहतो.

मी विचार केला, सबवेच्या बिलावरचा नंबर म्हणजे माझं पारशी नाव आहे. जोवर कोणाला कळत नाही तोवर जागा माझी. फरक एवढाच की तिथे अकरावा दिवस येत नाही, कारण मी पंधरा मिनिटांत खाऊन निघून जातो.

आणि काचेमागेही सगळं सरळ आहे असं समजू नका. याच दुकानाने भारतात शाकाहारी पदार्थांसाठी वेगळा कट्टा केला. २०१२ मध्ये जालंधरला पूर्ण शाकाहारी शाखा काढली. त्याच्याही आधी, १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्स दिल्लीत आलं तेव्हा बीफशिवाय, डुकराच्या मांसाशिवाय आणि दोन वेगवेगळ्या स्वयंपाकघरांसह आलं. जगभर एकाच चवीची बढाई मारणाऱ्या कंपन्यांनी इथे येऊन सोवळं मात्र इथलं घेतलं. कोलकात्यासारख्या शहरात, जिथे पुजारी मासा खातो, तिथेही तो वेगळा कट्टा जातो. ही बंगालची रीत नाही, आणि भारताचीही नाही. ती देशातल्या थोड्या लोकांची रीत, आता सगळ्यांसाठी नियम होऊन फिरते आहे. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये फक्त शाकाहाऱ्यांसाठी टेबलं राखून ठेवली गेली आणि त्याला विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. २०२४ च्या मार्चमध्ये झोमॅटोने शुद्ध शाकाहारी डिलिव्हरीसाठी हिरव्या गणवेशाची वेगळी मुलं आणली. ओरड झाली तेव्हा वेगळा गणवेश दुसऱ्याच दिवशी मागे घ्यावा लागला. जेवण घेऊन येणाऱ्या पोराच्या अंगावर त्यातल्या पदार्थाचा रंग चढवायचा, म्हणजे सोसायटीच्या दारावर त्याला काय काय ऐकावं लागेल, याचा विचार आधी कोणी केला नव्हता.

असो. तिसऱ्या आठवड्यात एक साधी गोष्ट घडली.

सबवेमध्ये संध्याकाळी एक मुलगा असायचा. बावीस-तेवीस वर्षांचा. मला रोज पाहून त्याला माझं सँडविच पाठ झालं होतं. एकदा मी पैसे देताना फोन काढला, आणि पडद्यावर बाबासाहेबांचा फोटो होता. त्याने पाहिला. आजूबाजूला गिऱ्हाईक नव्हतं. हळूच म्हणाला, "दादा, आपनि आंबेदकरेर देशेर लोक?" तुम्ही आंबेडकरांच्या मुलखातले? मी हो म्हणालो. त्याने हातमोजा काढला आणि हात जोडले.

तो ठाकुरनगरकडचा. मतुआ. नमशूद्र समाजाचा. त्याने मला जे सांगितलं ते आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? घटना समितीत बाबासाहेब पहिल्यांदा कुठून निवडून गेले? मुंबईतून नाही. मुंबईत त्यांना वाट मिळाली नाही. १९४६ मध्ये बंगालच्या विधिमंडळातून ते निवडून गेले आणि त्यासाठी धडपड केली जोगेंद्रनाथ मंडल यांनी. बारिसालचे, नमशूद्र. पुढे फाळणी झाली, बंगालमधली ती जागा गेली, आणि १९४७ मध्ये बाबासाहेब मुंबईतून पुन्हा समितीवर आले. राज्यघटनेची जी वाट आपण नागपूर-मुंबईची समजतो, तिचा एक टप्पा बंगालच्या नमशूद्रांच्या अंगणातून जातो. त्या पोराच्या आज्याने त्याला जोगेन मंडलांची गोष्ट सांगितली होती. माझ्या आज्याने मला महाडची सांगितली होती. आम्ही दोघं रोज काचेच्या दोन बाजूंना उभे राहायचो आणि एकमेकांना ओळखत नव्हतो.

मी विचारलं, तू इथलं खातोस का? तो हसला. "दादा, रोज बनवतो, विकत घेऊन कोण खाणार?" त्या रात्री त्याचं काम संपल्यावर आम्ही मागच्या बाजूला फुटपाथवर बसलो. त्याच्या डब्यात भात आणि रुईचा झोल होता. त्याने डब्याच्या झाकणात मला वाढलं. दोन महिन्यांत दुसऱ्याच्या भांड्यातून मी पहिल्यांदा जेवलो. ज्याला माझं नाव, गाव, जात सगळं माहीत होतं, अशा माणसाबरोबर.

तेव्हा मला कोल्हापूरचे गंगाराम कांबळे आठवले. गोष्ट तुम्हाला माहीत आहे. ते शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होते. पाण्याला शिवले म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना फोडून काढलं. महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला लावलं, सत्यसुधारक हॉटेल. पण सवर्ण गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घ्यायचे आणि बरोबरच्या वरच्या जातीच्या माणसांनाही तोच चहा पाजायचे. या गोष्टीत महाराजांचं मोठेपण आहेच. मला दुसरं दिसतं. तिथे काही लपलेलं नव्हतं. हॉटेल कोणाचं, चहा कोणाच्या हातचा, हे सगळ्या कोल्हापुराला माहीत होतं. माहीत असूनही तिथे चहा प्यायचा, हीच त्या हॉटेलची अट होती.

माझ्या आवडत्या सँडविचच्या दुकानात आणि गंगारामांच्या हॉटेलात फरक हा आहे. एका ठिकाणी माहीत नाही म्हणून चालतं. दुसऱ्या ठिकाणी माहीत असून चालवावं लागतं. पहिल्यात सोय आहे. ती मी नाकारत नाही. ज्याने वळचणीचा कप पाहिला आहे त्याला अनोळखीपणाची किंमत कळते. पण सोय म्हणजे समता नव्हे. न वाचलेलं आडनाव कधीही वाचलं जाऊ शकतं, आणि मग कठड्यावर ताट येतं.

कायद्याचं म्हणाल तर घटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांची नावं घेऊन भेदभावाला बंदी आहे. १९५५ चा कायदा, ज्याला आता नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, त्याच्या चौथ्या कलमात हॉटेल-धर्मशाळेतल्या भांड्यांचाही उल्लेख आहे. भांड्यांचा! कायदा लिहिणाऱ्यांना आपल्या वडिलांचा तो कप माहीत होता. पण कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये गोड बोलून ठेवलेलं ताट कोण नोंदवणार? तिथे आपल्यालाच बोलावं लागतं.

मी दुसऱ्या दिवशी सँडविच खायला गेलो नाही. गेस्ट हाउसवर जेवायला बसलो. रॅकमधलं ताट घेतलं, वाढून घेतलं, सगळ्यांबरोबर टेबलावर बसलो. वरिष्ठ म्हणाला, "तुझं ताट तिकडे आहे." मी म्हणालो, "माझं वेगळं ताट नाही. आमच्या वडिलांचा कप वेगळा होता. माझं ताट वेगळं असणार नाही." बंगाली सहकारी चमकून बघत राहिला, त्याला हे सगळं माहीतच नव्हतं, निदान तो तसं म्हणाला. कोणी माफी मागितली नाही. टाळ्या वाजल्या नाहीत. दोघांनी चार दिवस बाहेरून मागवून खाल्लं.

जेवण झाल्यावर मी माझं ताट घासलं, कठड्यावरचं ताटही घासलं, आणि दोन्ही रॅकमध्ये लावली. सकाळी बाईंनी सगळी ताटं पुन्हा धुतली आणि रचली. सगळी एकाच दुकानातली, एकाच मापाची, स्टीलची. त्यातलं वेगळं कोणतं होतं, हे नंतर मलाही ओळखता आलं नाही. बाहेरून मागवणारे दोघेही पाचव्या दिवशी परत टेबलावर आले. त्यांचं मन बदललं असं मी म्हणणार नाही. रोजचं मागवणं महाग पडत होतं, आणि टाळायचं कोणतं ताट ते आता त्यांना कळत नव्हतं.

शेवटी दोन गोष्टी सांगून थांबतो. आपल्यातले पुष्कळ जण कामासाठी बाहेरगावी जातात. तिथे काचेच्या दुकानात जरूर खा, मीही खातो, आवडीने खातो. पण ते खाताना स्वतःला एकदा विचारा, मी आवडीने आलोय की कोणाच्या टेबलावरून उठून आलोय? आणि काचेपलीकडच्या पोराला नाव विचारा. त्याचा हातमोजा काढला तर आत आपलाच हात निघेल, असं पुष्कळदा होतं. दुसरी गोष्ट, आपल्या शहरात बाहेरून कोणी आपला माणूस कामाला आला, तर त्याला एक दिवस घरी जेवायला बोलवा. ठाकुरनगरचा तो मुलगा मला म्हणाला होता, पुण्याला आलो तर तुमच्याकडे जेवीन. मी हो म्हटलंय. आईला सांगून ठेवलंय. ती म्हणाली, "येऊ दे. त्याला पावातला पाला देऊ नको म्हणजे झालं."

जय भीम.